भाऊ, तुम्ही तो हजेरीपट काढलात

आदरणीय भाऊ,

सप्रेम नमस्कार.

३१ मार्चला तुम्ही निवृत्त झालात, हे शाळेतल्या शिपाईमामांकडून कळलं. निरोप समारंभाला यायचं फार मनात होतं, पण आमच्या पतपेढीत वर्षअखेरीचा ताळेबंद चालू होता, सुट्टी मिळाली नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर. शाळेच्या कौतुकात बाईंची, सरांची नावं येतात आणि ती यायलाच हवीत. पण ऑफिसच्या खिडकीमागे बसून तुम्ही आमच्या लेकीसाठी जे केलंत, ते लोकांना कळावं असं मला मनापासून वाटतं.

जुलै २०१९ मध्ये आमच्या ह्यांना पक्षाघाताचा झटका आला, तेव्हा ती नववीत होती. केईएममधून घरी आणल्यावर उजवी बाजू पूर्ण लुळी. माझी नोकरी सोडून चालणार नव्हतं. मी साडेनऊला घराबाहेर पडायचे आणि मागे ती बाबांना भरवणं, कूस बदलणं, फिजिओथेरपीला टॅक्सीने नेणं-आणणं, सगळं करायची. चौदा वर्षांची पोर. सहामाहीत गणितात जेमतेम पास झाली आणि विज्ञानात त्याहून एकच मार्क जास्त. मी तिला म्हटलं, असू दे, वार्षिक परीक्षेत भरून काढ.

ती वार्षिक परीक्षा झालीच नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद पडल्या, एप्रिलमध्ये नववी आणि अकरावीची दुसऱ्या सत्राची परीक्षा रद्द झाली आणि पहिल्या सत्राच्या जोरावर मुलं वर चढवली गेली. लेकीचा नववीचा निकाल लागला ५२ टक्के. पुढच्या वर्षी दहावीची बोर्डाची परीक्षाही रद्द झाली. त्या वर्षीचं सूत्र मला आजही पाठ आहे: दहावीच्या लेखी मूल्यमापनाचे ३०, तोंडी-प्रात्यक्षिक-गृहपाठाचे २० आणि उरलेले ५० नववीच्या निकालावरून. दहावीच्या ५० पैकी तिला ४७ च्या आसपास पडले होते. नववीने दिले २६. अकरावीच्या प्रवेशासाठी सीईटी ठरली तेव्हा ती जिद्दीने अभ्यासाला बसली. २१ ऑगस्ट २०२१ ही तारीख तिने भिंतीवर खडूने लिहिली होती. १० ऑगस्टला उच्च न्यायालयाने ती परीक्षाही रद्द केली. निर्णय चुकीचा होता असं मी म्हणत नाही, त्या साथीत मुलांना केंद्रावर बोलावणं सोपं नव्हतं. पण एका सहामाहीचे मार्क पुसायची संधी माझ्या मुलीला तीनदा दिसली आणि तिन्ही वेळा हातातून गेली.

अकरावीत तिने अमेरिकेचा विषय काढला. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲम्हर्स्ट अशा मोजक्या ठिकाणी परदेशी मुलांचाही अर्ज घरची ऐपत न बघता वाचतात आणि प्रवेश दिला तर लागेल तेवढी मदत करतात, हे तिनेच शोधून काढलं. बाकी बरीच कॉलेजं ऐपत बघतात, पण त्यांतली काही निवडलेल्या मुलांचा जवळजवळ सगळा खर्च उचलतात. अडचण अशी, की तिकडचं हायस्कूल नववी ते बारावीचं. त्यामुळे अर्जासोबत चारही वर्षांचे मार्क लागतात, तेही शाळेने अधिकृतपणे दिलेले. कॅलिफोर्नियातली सरकारी विद्यापीठं सरासरी काढताना नववीचे मार्क धरत नाहीत, असं वाचून आम्ही एक दिवस खूश होतो. मग कळलं, की तिथे परदेशी मुलांना आर्थिक मदत मिळणं फार कठीण.

परदेशी प्रवेशाचं मार्गदर्शन करणाऱ्या एका ठिकाणी गेलो. फी ऐकूनच उठावंसं वाटलं. तिथल्या माणसाने सांगितलं, शाळेत ओळख असेल तर नववीचं काहीतरी 'करून' घ्या.

आणि भाऊ, मी तेच करायला तुमच्याकडे आले होते. २०२२ ची दिवाळीची सुट्टी होती, शाळा रिकामी होती. मी खालच्या आवाजात विचारलं, नववीला फक्त 'उत्तीर्ण' लिहिलं तर नाही का चालणार? तुम्ही रागावला नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवलात आणि म्हणालात, "ताई, मार्क मी बदलणार नाही. पण ते तसे का पडले, ते शाळेच्या दप्तरात आहे. ते शोधू."

मग तुम्ही स्टुलावर चढून कपाटावरचं लाल कापडाचं बासन खाली काढलंत. २०१९-२० चे हजेरीपट. धूळ झटकलीत, तिच्या वर्गाचा काढलात आणि तिच्या नावाखाली लाकडी पट्टी धरून पान पान उलटत गेलात. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. गैरहजेरीच्या खुणांवरून तुमचं पेन्सिलीचं टोक सरकत होतं आणि तुम्ही ओठांतल्या ओठांत मोजत होता. एकतीस दिवस. तेवढे दिवस ती घरी होती, हे मला आई असून आकड्यात माहीत नव्हतं. मी तिथेच रडले. तुम्ही मामांना चहा आणायला पाठवलंत आणि मला पैसे देऊ दिले नाहीत.

त्यानंतर तुम्ही केलेला कागद हीच खरी मदत. नववी-दहावीचे विषयवार मार्क जसेच्या तसे. खाली शाळेची टीप: नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षा शासनाने रद्द केल्यामुळे वर्षाचा निकाल पहिल्या सत्रावर आधारलेला, दहावीच्या निकालातले १०० पैकी ५० गुण त्याच नववीतून आलेले, पहिल्या सत्रात विद्यार्थिनी वडिलांच्या आजारपणामुळे ३१ दिवस गैरहजर. तुम्ही मराठीत लिहिलंत, इंग्रजीच्या बाईंनी भाषांतर केलं, मुख्याध्यापिकांनी सही केली. पहिला शिक्का फिकट उठला, म्हणून तुम्ही अख्खं पान पुन्हा छापून घेतलंत. तोच कागद ज्युनिअर कॉलेजने तिच्या पुढच्या मार्कांबरोबर अर्जाला जोडला.

एरवी परदेशात बसलेल्या माणसाला काय दिसलं असतं? नववीत ५२, दहावीत ७३, अकरावीत ८८. मुलगी हळूहळू सुधारली, एवढंच. दहावीचं वर्ष तिचं मुळात उत्तम गेलं होतं, त्या ७३ मध्ये जुनी सहामाहीच लपलेली आहे, हे कुणाला कसं कळणार? आमच्या मराठी माध्यमाच्या शाळेत अमेरिकेतल्यासारखा, मुलाचे मार्क आणि परिस्थिती कॉलेजांना समजावून सांगणारा कौन्सेलर नाही. ते काम तुम्ही केलंत.

लेकीने अर्जातल्या जादा माहितीच्या रकान्यात नववीबद्दल सहाच ओळी लिहिल्या. कागद बोलत होता, तिला गयावया करावी लागली नाही. मुख्य निबंध तिने आमच्या चाळीत पाणी येण्याच्या वेळेबद्दल लिहिला, त्यात आजारपणाचा शब्दही नव्हता. मला तेव्हा ते पटलं नव्हतं, आता पटतं. ज्या मुलीला स्वतःबद्दल सांगण्यासारखं दुसरंही खूप आहे, तिने सगळी जागा एका वाईट सहामाहीला का द्यावी?

बारा कॉलेजांना अर्ज केले. नऊ नकार आले, दोन ठिकाणी प्रतीक्षा यादी. शेवटचा निकाल मार्च २०२३ च्या अखेरीला, आपल्या पहाटे साडेचारला. हे काठी टेकत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे होते. मॅसॅच्युसेट्समधल्या एका लहान कॉलेजने प्रवेश दिला होता, शिकणं, राहणं, जेवण सगळ्यासकट. त्या कागदामुळेच मिळाला असं मी म्हणणार नाही. बारावीपर्यंत ती रात्र रात्र जागली होती, तिच्या कष्टाचं श्रेय तिचंच. पण ते कष्ट वाचणाऱ्याला नीट दिसले, ते तुमच्यामुळे.

आता कुणाचे आईवडील असाच प्रश्न घेऊन आले, की मी त्यांना सांगते, आधी शाळेच्या ऑफिसात जा, हजेरीपट मागा, निकाल कसा लावला ते शाळेकडून लिहून घ्या. आणि माझ्यासारखं खालच्या आवाजात काही विचारू नका.

लेक मे महिन्यात येतेय. तिला घेऊन तुमच्या घरी येणार आहे, वहिनींना सांगून ठेवा. त्या वर्षी रत्नागिरीहून आलेली हापूसची पेटी मी शाळेत पाठवली होती, ती तुम्ही "ऑफिसात असलं काही घेत नाही" म्हणून मामांबरोबर परत पाठवलीत. आता तुम्ही ऑफिसात नाही. या वेळची पेटी ठेवून घ्या.

तुमची,
नववी 'ब' मधल्या त्या मुलीची आई
लालबाग, मुंबई