खालच्या आजींना, मनापासून

तीर्थस्वरूप आजींस,
शिरसाष्टांग नमस्कार.

जर्मनमधलं पत्र काल संध्याकाळी तुमच्या टपालपेटीत टाकलं. त्यात जेमतेम दहा ओळी आहेत, कारण नऊ वर्षं इथे जर्मनीत काढूनही आतलं काही बोलायला गेले की माझी जर्मन अडखळते. हे दुसरं पत्र मराठीत लिहिते आहे आणि ते सगळ्यांनी वाचावं असं मला वाटतं. महिनाअखेरीस तुम्ही हे घर सोडून लेकीजवळ राहायला जाणार. त्याआधी तुम्ही माझ्यासाठी काय केलंत ते माझ्या माणसांना माझ्या भाषेत सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तोंडावर मी तुम्हाला 'आजी' कधीच म्हटलं नाही. इथे शेजाऱ्यांना आडनावाने हाक मारायची असते. आमच्या घरात मात्र पहिल्या वर्षापासून तुम्ही 'खालच्या आजी' आहात.

आपली ओळख झाली ती २०१६ च्या नोव्हेंबरात, एका रविवारी सकाळी. स्टुटगार्टला येऊन आम्हाला तीन आठवडे झाले होते. इडल्या वाफेवर होत्या आणि मी मिक्सरमध्ये खोबऱ्याची चटणी फिरवत होते. बेल वाजली. दारात तुम्ही, करड्या स्वेटरमध्ये, हातात कॅलेंडरचं फाडलेलं पान. पानाच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने ठळक आकडे काढलेले होते: दुपारी १ ते ३, रात्री १० ते सकाळी ६, आणि खाली 'रविवार' लिहून त्याला दोन रेघा. तुम्ही मिक्सरकडे बोट दाखवलंत, मग त्या दोन रेघांकडे. पान माझ्या हातात दिलंत आणि जिना उतरून गेलात.

मी त्या दिवशी रडले. आईला फोन करून म्हटलं, इथल्या लोकांना आपण नकोच आहोत. तसं वाटायला कारणही होतं. हे घर मिळण्याआधी एका घरमालकाने फोनवरच सांगितलं होतं, "भारतीय? नको. तुमच्या स्वयंपाकाचा वास भिंतींतून जात नाही." त्याच्या त्या वाक्याला मी तुमचं कॅलेंडरचं पान जोडून टाकलं.

दोन आठवड्यांनी वरच्या मजल्यावरच्या मुलाने रविवारी भिंतीला ड्रिल लावलं. पोरगा इथलाच, पिढ्यान्‌पिढ्यांचा श्वाबी, म्हणजे या प्रांतातला. दहा मिनिटांत तुम्ही जिना चढून वर गेलात. खाली येताना तुमचे हात रिकामे होते. पुढे त्याच्या स्वयंपाकघरात मी तसंच पान चिकटवलेलं पाहिलं, तेच पेन्सिलीतले आकडे, त्याच दोन रेघा. माझ्या मनातली अढी त्या दिवशी सुटायला लागली.

मग तुम्ही मला 'केरवोखं' शिकवलंत. वाचणाऱ्यांसाठी सांगते, हा श्वाबी लोकांचा झाडलोटीचा आठवडा. ज्याची पाळी असेल त्याच्या दारावर लाकडी पाटी लटकते आणि त्या आठवड्यात जिना त्याने झाडायचा, पुसायचा. मोठ्या पाळीत तळघर, अंगण, फुटपाथ आणि हिवाळ्यात बर्फसुद्धा. स्टुटगार्टच्या १४९२ च्या नगर-नियमांतही आपापली घाण दर आठवड्याला गावाबाहेर नेऊन टाकायची सक्ती होती. फुटपाथ दर आठवड्याला झाडायची नगरपालिकेची सक्ती १९८८ मध्ये उठली, तरी घरोघरच्या भाडेकरारांत पाळी टिकून आहे. शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला आपला केरच आठवला. तुम्हाला मी 'केर' म्हणजे काय ते सांगितलं तर तुम्ही तो शब्द तीनदा म्हणून पाहिलात आणि पहिल्यांदा हसलात.

जिना स्वच्छ दिसतोय, मग कशाला पुसायचा, असं मी विचारलं होतं. तुम्ही उत्तर न देता फडकं पिळून माझ्या हातात दिलंत. वरच्या पायरीपासून खाली यायचं, कठड्याच्या सळ्यांमधली धूळ आधी काढायची, पायपुसणी उचलून खालची फरशी पुसायची. शनिवारी सकाळी तासभर जिन्यात उभं राहिलं की घरातली सगळी माणसं आपसूक भेटतात हे मला दुसऱ्या-तिसऱ्या पाळीला कळलं. तिथेच मला सगळ्यांची नावं कळली, तिथेच 'ग्र्यूस गॉट', म्हणजे इथला नमस्कार, म्हणायची सवय लागली. डॉक्टरच्या प्रतीक्षाखोलीत शिरताना बसलेल्या अनोळखी माणसांनाही नमस्कार करायचा असतो, हे तुम्हीच सांगितलंत. काचेच्या बाटल्या रविवारी डब्यात टाकायच्या नाहीत आणि निळी बाटली हिरव्यांच्या डब्यात जाते, हेसुद्धा. देश तसा वेश असं आपण सहज म्हणून जातो. तो वेश कसा नेसायचा हे मला तुम्ही निरी निरी घालून शिकवलंत.

पण हे पत्र लिहायचं खरं कारण २०१९ मधली ती ट्रामची दुपार. शहरातल्या कानश्टाट भागातून पिवळ्या ट्राममध्ये आपण एकत्र चढलो होतो. लेक बाबागाडीत होती आणि मी कल्याणला आईशी व्हिडिओवर बोलत होते, स्पीकर चालू ठेवून, तिला नात दिसावी म्हणून. समोरचा माणूस एकदम ओरडला, "इथे जर्मन बोलायचं! जमत नसेल तर आलीस तिथे परत जा." अनोळखी बाईला इथे 'तू' म्हणत नाहीत, ते 'तू' मला त्याच्या बाकीच्या शब्दांइतकंच लागलं. मी फोन बंद केला. मान खाली गेली. डबा भरलेला होता आणि सगळे खिडकीबाहेर बघत होते.

तुम्ही उठलात. ट्राम वळणावर होती, एका हाताने दांडा धरलेला. आवाज चढवला नाहीत, त्याला 'तू'ही म्हटलं नाहीत. "या माझ्या शेजारीण आहेत. तुम्ही यांची माफी मागा." तो काहीतरी पुटपुटला. तुम्ही तेच वाक्य पुन्हा म्हणालात, तितक्याच सावकाश. एक कॉलेजचा मुलगा उठून आपल्या बाजूला येऊन उभा राहिला, मग एक बाई. माफी त्याने मागितली नाहीच. पुढच्या थांब्यावर उतरून गेला.

आपण उतरलो, चौकापर्यंत चालत आलो, तुम्ही माझ्या लेकीचा सुटलेला मोजा घातलात. मग म्हणालात, "ट्राममध्ये फोन कानाला लावून बोलायचा. लोक दमून घरी जात असतात." मी चमकून म्हटलं, म्हणजे त्याचं बरोबर होतं? तुम्ही थांबलात. "नाही. हे मी तुम्हाला शेजारीण म्हणून सांगते आहे. त्याला तुम्ही इथे नकोच आहात, तुम्ही कुजबुजला असता तरी तो ओरडला असता."

आजी, या दोन वाक्यांसाठी मी तुमची जन्माची ऋणी आहे. आमच्यात परदेशात कुणाला मारहाण झाली, शिवीगाळ झाली की लगेच बोललं जातं: आपलीच माणसं गोंगाट करतात, रांग मोडतात, मग असं होणारच. मीही असंच बोलत असे. तसं बोललं की जरा सुरक्षित वाटतं, मी नियम पाळते म्हणजे माझ्यावर ती वेळ येणार नाही. २०२० च्या फेब्रुवारीत हानाऊला एका माथेफिरू वर्णद्वेष्ट्याने नऊ जणांना गोळ्या घातल्या. त्यांतले कित्येक इथेच जन्मलेले, इथल्याच शाळेत शिकलेले होते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आयर्लंडच्या वॉटरफर्डला भारतीय वंशाच्या सहा वर्षांच्या मुलीला घरासमोर खेळताना मारहाण झाली. तिच्याकडून यजमानांचा कुठला रिवाज मोडला होता? माझी लेकही सध्या साधारण त्याच वयाची आहे. ती बातमी वाचून मी रात्रभर तिच्या खोलीत बसून होते.

तुमची स्वतःची गोष्ट मला बरीच उशिरा, २०२१ च्या जुलैत कळली. तुम्ही जर्दाळूचे गोळे करत होतात आणि मी पीठ मळायला बसले होते. अख्खं जर्दाळू पिठाच्या पारीत बंद करायचं, उकळत्या पाण्यात सोडायचं, वर तरंगलं की लोण्यात परतलेल्या पावाच्या चुऱ्यात घोळायचं. मी पारीला सवयीने मोदकाच्या कळ्या पाडल्या. तुम्ही त्या बघत राहिलात आणि म्हणालात, आई करायची, पण गोल. मग बोलू लागलात. चेकोस्लोव्हाकियातल्या बर्नो शहराच्या दक्षिणेचं गाव, द्राक्षांचे मळे, आणि १९४६. तुम्ही आठ वर्षांच्या होतात. मालगाडीच्या एकेका डब्यात तीस-तीस माणसं, माणशी फार तर ५० किलो सामान. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस आणि नंतर पूर्वेकडून पळालेल्या आणि हाकलल्या गेलेल्या जर्मनांची संख्या एक कोटी वीस लाखांच्या पुढे जाते. पुस्तकात वाचलेला हा आकडा माझ्यासमोर लोण्याचा चमचा हातात धरून बसला होता.

इथल्या एका खेड्यात शेतकऱ्याच्या घरात सरकारी हुकमाने तुम्हाला एक खोली मिळाली. भाषा तीच, तरी तुमचं बोलणं ऐकून पोरं नक्कल करायची. गाव प्रोटेस्टंट, तुम्ही कॅथलिक. शेतकरीण म्हणायची, तुमच्या लसणाचा वास माझ्या पडद्यांना लागतो. हे सांगताना तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, कारण मागे कधीतरी मी त्या घरमालकाचं वाक्य तुम्हाला सांगितलं होतं. बाहेरून आलेल्यांना श्वाबी बोलीत 'राइगश्मेक्टे' म्हणतात, आत शिरून चव घेतलेले, असं काहीसं. मराठीत त्याला उपरे म्हणतात असं मी सांगितलं. तो शब्द मात्र तुम्ही म्हणून पाहिला नाहीत.

आणि पुढचं तर तुम्ही न सांगताही चाललं असतं. १९५५ मध्ये इटलीशी करार झाला आणि इटालियन कामगार यायला लागले. तेव्हा तुमचे वडील, ते दोन सुटकेसा घेऊन उतरलेले वडील, जेवताना म्हणायचे: हे लोक घाणेरडे, यांना शिस्त नाही, यांच्या लसणाचा वास येतो. "माझ्या वडिलांच्या तोंडी त्या शेतकरणीचं वाक्य होतं. आणि मी गप्प बसून सूप पीत होते."

त्या संध्याकाळी घरी येऊन मला झोप लागली नाही. आठवला तो ऑक्टोबर २००८. रेल्वेभरतीच्या परीक्षेला उत्तरेतून आलेल्या मुलांना मुंबईत आणि आसपास मारहाण झाली, तो रविवार. मी एकोणीस वर्षांची. कल्याण स्टेशनवर पुलाच्या पायरीशी एक मुलगा बसला होता, माझ्याच वयाचा. सदऱ्याची बाही खांद्यापासून उसवलेली, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं हॉलतिकीट. ते भिजू नये तसं त्याने ते पोटाशी धरलं होतं. माझ्या बाटलीत पाणी होतं. मी त्याच्या शेजारून गेले. घरी जेवताना म्हटलं, "मारायला नको होतं, पण यांनी यावं तरी कशाला? इथलं काही शिकतात का?" कुणी मला टोकलं नाही.

मराठी टिकावी, इथे राहणाऱ्याने ती शिकावी, ही माझी इच्छा आजही तितकीच खरी आहे. मी जर्मन शिकले, मग माझ्या गावात आलेल्याने मराठी शिकावी यात वावगं काय? पण ती त्याला शिकवायची कशी, हे मी तुमच्याकडे पाहिलं: फडकं पिळून हातात देऊन, कॅलेंडरच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून. त्या मुलाला चार शब्द शिकवायला त्या पुलावर कुणी बसलं नव्हतं. मीही नाही. हे मी तुम्हाला आजवर सांगितलेलं नाही. जर्मन पत्रातही लिहवलं नाही.

२०२४ च्या जानेवारीत परदेशी मुळाच्या लोकांना देशाबाहेर काढायच्या गुप्त बेताची बातमी फुटली आणि जर्मनीभर लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा तुम्ही ८५ वर्षांच्या होतात. कडाक्याची थंडी, तरी चाकांचा वॉकर घेऊन श्लॉसप्लाट्झ या गावातल्या चौकात आलात. मी म्हटलं, आजारी पडाल. तुम्ही म्हणालात, "मला एकदा गाडीत भरलं आहे. ते कसं असतं हे सांगणारे आता थोडे उरलेत." तासभर तुम्ही माझ्या लेकीचा हात धरून उभ्या होतात.

परवा मला कळलं की स्टुटगार्टचं १९६८ पासून मुंबईशी आणि १९८९ पासून बर्नोशी भगिनी-शहराचं नातं आहे. म्हणजे तुमचं माहेर आणि माझं माहेर, दोन्हींशी या शहराने आपण भेटायच्या कितीतरी आधी सोयरीक जुळवून ठेवली होती. लेकीने नकाशावर तिन्ही ठिकाणं लोकरीने जोडली आहेत. तो कागद तुमच्या नव्या खोलीसाठी आहे.

या आठवड्यात पाटी आमच्या दारावर आहे. तुमच्या मजल्याचा जिनाही मीच पुसला, सळ्यांपासून सुरुवात करून. तुम्ही सामान बांधायच्या गडबडीत आहात, तेव्हा पाळी विसरून जा. नव्या घराच्या खालच्या-वरच्या शेजाऱ्यांची नावं मला कळवा, दिवाळीच्या चकल्या त्यांच्याही नावाने पाठवीन.

तिकडे पोचलात की पहिल्याच शनिवारी आम्ही तिघं येतो. तीन वाजून गेल्यावर येऊ, त्याआधी बेल वाजवणार नाही.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची