पाणीबदल यंत्राच्या दोन पंपांतील तफावतीबद्दल तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा व तांत्रिक विभाग

विषय : समुद्री मत्स्यालयासाठी घेतलेला स्वयंचलित पाणीबदल संच सदोष असल्याबाबत व पैसे परत मिळण्याबाबत.

महोदय / महोदया,

आपल्या संचाच्या खोक्यावर 'आता बादल्यांना रजा' असे ठळक छापले आहे. रजा संपवून बादल्या पुन्हा कामावर रुजू झाल्या आहेत, म्हणून हे पत्र.

कोथरूडला तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घरात 200 लिटरचे समुद्री मत्स्यालय आहे. त्यात क्लाउनफिशची जोडी, एक गोबी मासा, क्लीनर श्रिम्प (कोळंबीची एक जात) आणि टर्बो गोगलगायी आहेत. पुण्यात खारे पाणी घरीच बनवावे लागते. नळाचे पाणी आरओ आणि मग उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनमधून काढून टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) शून्यावर आणायचे, लिटरमागे साधारण 35 ते 38 ग्रॅम मत्स्यालयाचे मीठ घालायचे, पंप लावून रात्रभर ढवळू द्यायचे आणि क्षारता, म्हणजे पाण्यातल्या मिठाचे प्रमाण, हजारी 35 भरली की मगच वापरायचे. हा उद्योग मी हौसेने करते. जड जाते ते पुढचे : जुने पाणी उपसून मोरीपर्यंत नेणे आणि नवे उचलून ओतणे. कंबरेच्या दुखण्यामुळे ते जमेना, म्हणून एवढे पैसे मोजून आपला संच घेतला.

कल्पना चांगली आहे, त्याबद्दल वाद नाही. एक पंप रोज थोडे जुने पाणी बाहेर काढतो, दुसरा तेवढेच नवे आत सोडतो. वीज गेली तरी पंपातले रोलर पाण्याची नळी दाबून धरतात, त्यामुळे पाणी उलटे येऊन फरशीवर तळे साचत नाही, हेही मान्य. पण 'तेवढेच' हा शब्द आपण पाळलेला नाही. दोन्ही पंपांना एक लिटरचा आकडा देऊन मी मापाच्या भांड्यात पाणी धरले. बाहेर काढणाऱ्या पंपाने काठोकाठ एक लिटर दिले, आत सोडणाऱ्याने 750 मिलिलिटर. नळ्या अदलाबदल करून पाहिल्या तर तूटही नळीबरोबर दुसऱ्या पंपावर गेली. म्हणजे मोटर ठीक आहे, संचासोबत आलेल्या दोन नळ्याच आतून सारख्या जाडीच्या नाहीत. प्रत्येक पंपाचे माप वेगळे लावता आले असते तर हे घरीच निस्तरले असते. आपल्या ॲपमध्ये दोघांना मिळून एकच कॅलिब्रेशन (माप जुळवण्याची सोय) आहे.

यात खरी मेख एटीओची, म्हणजे टाकीतली पातळी आपोआप भरून काढणाऱ्या उपकरणाची आहे. मत्स्यालयातून वाफ होते ती नुसत्या पाण्याची, मीठ मागेच राहते. म्हणून घटलेली पातळी एटीओ बिनमिठाच्या आरओ पाण्याने भरून काढतो. आपले यंत्र रोज चार लिटर खारे पाणी काढते आणि तीनच घालते. उरलेला एक लिटर एटीओ गोड्या पाण्याने गुपचूप भरतो. काचेवरची पातळी केसभरही हलत नाही, त्यामुळे बघणाऱ्याला सगळे आलबेल वाटते. या हिशेबाने 200 लिटरच्या टाकीतली क्षारता महिन्याभरात 35 वरून 31 च्या आसपास येते. माझ्या रिफ्रॅक्टोमीटरने (क्षारता मोजायच्या मीटरने) 32 दाखवली तेव्हा मी आपल्या ग्राहक सेवेला फोन केला.

तिथे उत्तर मिळाले, "मॅडम, तुमचे मीटर चुकत असेल, डिस्टिल्ड वॉटरवर शून्य लावून बघा." शून्यावर बरोबर दाखवणारे मीटर 35 वर बरोबर दाखवेलच असे नाही, म्हणून ते 35 च्या प्रमाणित द्रावणावर लावतात. मी तेच करते. समुद्री मत्स्यालयाची यंत्रे विकणाऱ्यांना हे ग्राहकाने सांगावे, हे जरा अतीच झाले.

माशांनी ही घसरण सोसली. त्यांचे शरीर आतले क्षार बऱ्यापैकी सांभाळून असते. श्रिम्पना ते तितके साधत नाही. एक श्रिम्प कात टाकताना अर्ध्यातच अडकून गेला. तो निव्वळ क्षारतेपायीच गेला असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण त्या काळात टाकीत दुसरे काही बदललेले नव्हते. क्षारता एकदम वाढवली तर उरलेलेही जायचे, म्हणून आपले यंत्र बंद करून एटीओच्या भांड्यात काही दिवस आरओऐवजी खारे पाणी भरले आणि हळूहळू 35 वर आणली.

जाता जाता, आपल्या माहितीपुस्तिकेत 'नळाचे पाणीही चालेल, क्लोरीन घालवणारे औषध टाका' असे लिहिले आहे. पुण्यात कित्येक सोसायट्यांत टँकरचे नाहीतर बोअरचे जड पाणी येते. त्यातला क्लोरीन घालवला तरी बाकीचे क्षार, नायट्रेट आणि सिलिकेट तिथेच राहतात आणि काचेवर तपकिरी शेवाळ माजते. हे वाक्य काढून टाका.

सध्या बोहरी आळीतून आणलेला पाईप आणि एक छोटा पंप यांवर भागवते आहे. टाकीत पाणी परत चढवणारा रिटर्न पंप बंद करून सम्पमधले (मत्स्यालयाला जोडलेल्या खालच्या टाकीतले) पाणी खुणेपर्यंत थेट मोरीत सोडायचे आणि चाकाच्या ट्रॉलीवरच्या पिंपातून त्याच खुणेपर्यंत नवे चढवायचे. दोन्ही वेळा खूण एकच, त्यामुळे आत-बाहेरचा हिशेब चुकत नाही. बादली लागते ती फक्त तळाशी उरलेल्या गाळापुरती.

माझी मागणी अशी : संच परत नेण्याची व्यवस्था आपल्या खर्चाने करावी आणि पूर्ण रक्कम परत द्यावी. नुसत्या नव्या नळ्या पाठवून प्रकरण मिटवू नये. नळ्या झिजल्या की तफावत पुन्हा येणार, आणि वेगळे कॅलिब्रेशन मिळेपर्यंत तिच्यावर उपाय नाही. ज्यांनी हा संच आधीच घेतला आहे त्यांना दोन्ही पंपांचे पाणी मोजून पाहण्याची सूचना ॲपवरून लगेच द्यावी. त्यांच्या घरीही एटीओ असणारच.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात दाद मागता येते, त्यामुळे मला पुण्याबाहेर जावे लागणार नाही. तुम्हाला मात्र यावे लागेल.

सोबत : बिलाची प्रत, दोन्ही मापांची छायाचित्रे, मोजणीचा व्हिडिओ.

आपली,
एक ग्राहक
कोथरूड, पुणे
(नाव व ऑर्डर क्रमांक बिलावर आहे.)