रिश्टरपूर्वीचे रिश्टर

संपादक महोदय,

१७५५च्या लिस्बन भूकंपाचा विषय निघाला की ‘रिश्टर मापनावर ८.५’, कधी थेट ‘९’, असे ठोकून छापले जाते. रिश्टर यांचे मापन आले १९३५मध्ये. मग हा आकडा येतो कुठून? माणसांनी लिहून ठेवलेल्या हकिगतींतून!

पोर्तुगालचा मंत्री पोंबाल याने तेव्हा गावोगावच्या पाद्र्यांना प्रश्नावलीच धाडली होती: हादरे किती वेळ बसले, घरे कोणत्या बाजूला जास्त पडली, समुद्र आधी चढला की ओसरला. (उत्तरे जपून ठेवली गेली, हे नशीबच.) टांगलेला दिवा झुलला, झोपलेला दचकून उठला, धुराडे कोसळले, अशा खुणांवरून अभ्यासक त्या-त्या गावची तीव्रता मर्काली श्रेणीत १ ते १२ अशी ठरवतात. ती नकाशावर मांडून, यंत्रांनी मोजलेल्या भूकंपांशी ताडून मग साऱ्या भूकंपाच्या ताकदीचा एकच आकडा काढतात.

गोम अशी की, घाबरलेल्याला दहा सेकंदही मिनिटासारखे वाटतात. शिवाय साक्षीदार राहतात कुठे, हेही पाहावे लागते. अमेरिकेतील १८११-१२च्या न्यू माद्रिद भूकंपांचे वर्णन करणारे बरेच लोक नदीकाठच्या मऊ गाळावर राहत होते, आणि गाळ जास्त हलतो. हे ध्यानात घेतल्यावर ८च्या वर मानलेला आकडा काही अभ्यासकांनी ७ ते ७.५पर्यंत खाली आणला.

तेव्हा अशा आकड्यांआधी ‘अंदाजे’ एवढे छापावे, ही विनंती.

– एक वाचक