पहिली-दुसरीचे इंग्रजी मैदानावर शिकवू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की गावोगावच्या पालकसभांत एक तक्रार हमखास ऐकू येते: इंग्रजीच्या तासाला पोरे नुसती उड्या मारतात, वहीत मात्र काहीच नसते. कोरेगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत पहिली-दुसरीला शिकवून मी निवृत्त झालो आहे आणि ही तक्रार मीही अनेकदा ऐकून घेतली आहे. ती करणाऱ्यांना मुलांची काळजीच असते. परंतु सहा-सात वर्षांच्या मुलाला किती इंग्रजी शब्द येतात, हे वहीची पाने उलटून कळत नाही, एवढे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आपल्या राज्यात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीलाच इंग्रजी सुरू झाले. खेड्यातल्या मुलाच्या कानावर ही भाषा घरी पडत नाही आणि शेतावरही पडत नाही. अशा मुलाकडून ‘जंप म्हणजे उडी मारणे’ हे दहा वेळा लिहून घेतले तर ते त्याला पाठ होते, पण ‘जंप’ असे नुसते म्हटल्यावर ते आपल्या तोंडाकडे पाहत राहते. अमेरिकेतील मानसशास्त्राचे प्राध्यापक जेम्स ॲशर यांनी १९६०च्या दशकात मांडलेली पद्धत नेमकी इथे उपयोगी पडते. धड बोलताही न येणारे मूल ‘चेंडू आण’, ‘आजीला दे’ हे ऐकून तसे करून दाखवते. तेव्हा दुसरी भाषाही आधी सोप्या सूचनांतून कानावर पडू द्यावी, मुलाने कृतीतून उत्तर द्यावे आणि त्याला बोलते करण्याची घाई करू नये, असे त्यांचे म्हणणे होते.

यासाठी खेळ बाहेरून आणावे लागत नाहीत. ‘तळ्यात-मळ्यात’ खेळताना ‘इन’ आणि ‘आउट’ म्हणावे. ‘डोंगराला आग लागली’मध्ये पळत्या मुलांना ‘थ्री’ किंवा ‘फाइव्ह’ अशी हाक द्यावी, म्हणजे तेवढ्यांचे गट करण्याच्या धांदलीत अंक कायमचे बसतात. ‘हॉप’चा अर्थ तर सांगावाच लागत नाही, आपण लंगडी घालून दाखवली की झाले. ‘निअर’ आणि ‘फार’ शिकवताना मात्र माझी पंचाईत झाली होती, कारण ‘फार’ ऐकताच एका मुलीने ‘सर, फार काय?’ असे विचारले. मग ‘निअर’ला हापशाकडे धावायचे आणि ‘फार’ला जरंड्याच्या डोंगराकडे हात करायचा, असे ठरवले आणि दोन दिवसांत तो गोंधळ मिटला.

खेळ आहे म्हणजे शिक्षकाला तयारी नको, असे कोणी समजू नये. मी सुरुवातीला ‘सिट, स्टँड, टर्न, जंप’ याच क्रमाने सूचना देत असे आणि वर्ग बिनचूक करतो म्हणून खूश होतो. एके दिवशी ‘टर्न’ गाळून ‘स्टँड’नंतर एकदम ‘जंप’ म्हटले, तर जवळजवळ सगळा वर्ग गिरकी घेऊन मोकळा झाला. मुलांनी शब्द शिकलेच नव्हते, त्यांनी क्रम पाठ केला होता. तेव्हापासून मी क्रम रोज बदलू लागलो, आणि शेजारच्याचे पाहून करणारी मुले ओळखता यावीत म्हणून अधूनमधून सर्वांना डोळे मिटायला लावू लागलो. ‘शिवाजी म्हणतो’सारख्या खेळात चुकलेल्या मुलाला बाद करण्याची पद्धतही वर्गात सोडून द्यावी, कारण ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज असते तेच मूल सर्वांत आधी कडेला जाऊन बसते. त्याला दोन पावले मागे जायला सांगून खेळात ठेवावे.

या पद्धतीला मर्यादा आहेत, हेही कबूल केले पाहिजे. क्रियापदे, अवयव, रंग, अंक आणि आत-बाहेर, वर-खाली असे शब्द खेळातून छान येतात. ‘बिकॉज’ किंवा ‘ऑनेस्ट’ येत नाहीत. स्पेलिंगला पुढे वही-पेन्सिल लागणारच. पण ऊसतोडीच्या हंगामात दिवाळीच्या सुमारास मध्येच दाखल होणारी मुले ज्या दिवशी येतात त्याच दिवशी या खेळात सामील होतात, हे मी दरवर्षी पाहिले आहे. मागचा अभ्यास पूर्ण करण्याचे ओझे त्यांच्यावर पडत नाही.

अडचण आहे ती तपासणीची. भेटीला आलेले अधिकारी वह्या मागतात, त्यांवर सही करतात आणि शेरेपुस्तकात लेखनसरावाबद्दल लिहून जातात. साहजिकच शिक्षकही मुलांना मैदानावरून आत बोलावतो. सातारा व सांगली या दोन्ही जिल्हा परिषदांच्या शिक्षण विभागांना माझी विनंती आहे की, पहिली-दुसरीच्या इंग्रजीची पाहणी करताना अधिकाऱ्यांनी वर्गातील कोणत्याही पाच मुलांना बाहेर घेऊन प्रत्येकी चार नव्या क्रमाच्या सूचना द्याव्यात आणि मुले काय करतात ते शेरेपुस्तकात नोंदवावे. या कामाला दहा मिनिटे पुरतील. पालकसभेच्या दिवशी हेच पालकांसमोर करून दाखवता येईल.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक,
ता. कोरेगाव, जि. सातारा