विलासला पत्र: केहलना, सिरका आणि कोल्हापूरचा पाऊस

कोल्हापूर,
२४ जुलै

प्रिय विलास,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेला मेसेज पोचला. ‘शिर्क्यांच्या एका वाघाने बहमनी फौजेचे पन्नास हजार कापले’, खाली भगवा, त्याखाली तलवार, आणि सगळ्यात खाली तुझी एक ओळ: ‘बाळ्या, हे आमचेच का रे?’ लगेच अंगठा दाखवून मोकळा झालो असतो, पण पस्तीस वर्षं शिरोलीला फौंड्रीचे हिशेब लिहिलेत. रक्कम दिसली की ‘व्हाउचर कुठाय?’ हे तोंडातून जातंच. म्हणून तीन आठवडे घेतले. तुझी वहिनी म्हणते, रिटायर झाल्यावर माणसं देवाला लागतात, हे मोबाइलला लागलं.

गोष्ट खरी आहे का? गोष्ट आहे. पन्नास हजार नाहीत. आणि वाघ तुमचा की दुसऱ्या कुणाचा, ते पुढं सांगतो.

आधी मी सरळ ‘विशाळगड’ शोधलं. पानंच्या पानं आली, सगळी पावनखिंडीची. मग डोक्यात प्रकाश पडला की विशाळगड हे नाव शिवाजी महाराजांनी दिलेलं, त्याआधीचा तो खेळणा. ‘खेळणा’ टाकलं तर लहान मुलांची खेळणी आली. जॉन ब्रिग्ज नावाच्या कंपनी सरकारच्या अंमलदारानं फरिश्ता नावाच्या जुन्या इतिहासकाराच्या फारसी तवारिखेचं इंग्रजी भाषांतर १८२९ साली चार खंडांत छापलं. इंटरनेट आर्काइव्हवर ते फुकट आहे, एक सोडून तीन-चार प्रती. पण त्यात खेळणा सापडत नाही, कारण तिथं तो ‘केहलना’ आहे. खेळण्याचा राजा शंकर राय ‘सुंकुर’ आहे. आणि तुम्ही शिर्के ‘सिरका’. फारसीत सिरका म्हणजे व्हिनेगर, तेव्हा फार फुगू नको.

हे कळायला मला चार दिवस लागले. मग शोधायचं सोडलं आणि दुसऱ्या खंडातलं बहमनी सुलतानांचं प्रकरण पहिल्या पानापासून वाचायला घेतलं, पंचांग वाचावं तसं, बोट ठेवून. इंग्रजी दोनशे वर्षांपूर्वीचं आहे, पण आपल्या जुन्या मास्तरांनी फाउलर-बिउलर घोटून घेतलं होतं, ते कामी आलं. तू वाचणार असशील तर हाच रस्ता धर. गावाच्या नावानं शोधू नको, राजाच्या नावानं प्रकरण काढ आणि त्यातून पायी चाल. आपल्या मराठी पुस्तकांची तर अजून मजा. बखर रोमन अक्षरांत ‘बखरा’ म्हणून नोंदलेली, आणि जुन्या खिळ्यांच्या छपाईतला ‘ळ’ मशीनला ओळखता येत नाही. म्हणजे पन्हाळा गेला, खेळणा गेला, विशाळगडही गेला!

आता तुझी गोष्ट. हिजरी ८५७ साल. बिदरच्या तख्तावर दुसरा अलाउद्दीन अहमदशहा. त्यानं मलिक-उत-तुज्जार या सरदाराला कोकण जिंकायला धाडलं. तुज्जार म्हणजे व्यापारी. हा व्यापाऱ्यांचा म्होरक्या, म्हणजे पदवी आहे ती, नाव खलफ हसन. त्यानं एक किल्ला घेतला आणि तिथल्या सिरका नावाच्या राजाला पकडलं. मुसलमान हो, नाहीतर मर, असा सवाल टाकला. सिरका म्हणाला, माझी ना नाही. पण केहलन्याचा सुंकुर आणि मी बरोबरीचे. मी एकटा धर्म सोडला तर तो मला टोमणे मारील, माझ्याच भाऊबंदांना फितवील. आधी त्याचा मुलूख घ्या, मग मी तयार. वाट मी दाखवतो, तुमच्या माणसाच्या केसाला धक्का लागणार नाही.

बघ की! भाऊबंद नावं ठेवतील ही सबब पाचशे-सहाशे वर्षांपूर्वीही चालली.

पुढं दोन दिवस वाट चांगली लागली. तिसऱ्या दिवशी सिरक्यानं फौज अशा रानात घातली की फरिश्ता त्या रानाचं वर्णन करताना हात राखत नाही. बरेचसे दखनी आणि हबशी सरदार आधीच मागं राहिले होते, त्या जंगलात यायला ते राजी नव्हते. मलिक-उत-तुज्जारला रक्ती आव झालेली. दमलेली माणसं जागा मिळेल तिथं पडली. सिरक्यानं सुंकुरला निरोप पाठवला आणि रात्री घात झाला. सरदारासकट बरीचशी फौज तिथंच संपली. उरलेले परदेशी सरदार कसेबसे चाकणला पोचले, तर तिथं दखनी मंडळींनी सुलतानाचे कान भरून त्यांची कत्तल करवली. ही दुसरी कत्तल मेसेजवाल्यानं गाळली, कारण तिच्यात भगवा लावायला जागा नाही.

अंबा घाटातून आपण दोघं मोटारसायकलवरून गेलो होतो ते आठवतं का? भर दुपारी तू हेडलाइट लावला होतास. ते पान वाचताना मला तुझी ती जावा आठवत होती.

आता ताळा. फरिश्त्यानं हे लिहिलं १६०६च्या आसपास, विजापुरात, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या आश्रयानं. म्हणजे घटनेनंतर दीडशे वर्षांनी. त्याच्यापुढं बहमनी काळातली जुनी पुस्तकं होती. मुल्ला दाऊद बिदरीचं होतं, आझरी कवीचं बहमननामा होतं. ती मुळातली पुस्तकं आज नाहीत. आपल्या भाषेत सांगायचं तर कीर्द जळाली, हातात राहिली ती खतावणी, आणि तीही ज्यानं लिहिली त्याचा या व्यवहारात हिस्सा होता. कसा? फरिश्ता स्वतः परदेशी, कास्पियन समुद्राकाठच्या अस्तराबादचा. लहानपणी बापाबरोबर अहमदनगरला आला. तिथं १५८९ साली दखनी विरुद्ध परदेशी अशी कापाकापी झाली, तेव्हा जीव वाचवून विजापूरला गेला. असा माणूस ‘दखनी सरदार मागं राहिले, परदेशी बिचारे मेले, उरले त्यांना चाकणला दगा झाला’ हे लिहितो, तेव्हा मी पेन्सिलीनं समासात एक टिंब देतो. खोटं म्हणत नाही. टिंब देतो. त्याच काळात अहमदनगरच्या दरबारात सय्यद अलीनं बुरहान-ए-मासिर लिहिली. तिच्यातला बहमनी भाग किंग नावाच्या साहेबानं इंग्रजीत आणलाय, तोही स्कॅन होऊन पडलाय. सध्या दोन्ही खिडक्या शेजारी उघडून वाचतोय, चष्म्याचा नंबर वाढणार हे नक्की.

माझ्या हातून एक फजिती झाली तीही सांगतो, दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा. वहीत ‘हिजरी ८५७’ लिहिलं आणि हिजरी सन ६२२ला सुरू झाला एवढं माहीत असल्यामुळं बेरीज करून टाकली: १४७९. मग पुढच्या एका सुलतानाच्या कारकिर्दीत त्याच्या वजिरानं, महमूद गवानानं, या पराभवाचा सूड घेतला ते वाचलं, आणि त्याचं साल निघालं १४६९. म्हणजे सूड आधी, गुन्हा नंतर! दोन रात्री झोप नाही. मी तर फरिश्त्याची चूक सापडली म्हणून हरखलो होतो. शेवटी दुसरी प्रत उघडली, तर तिच्यात समासात दोन्ही सन शेजारी शेजारी छापलेले: ८५७, १४५३. मी वाचत होतो त्या प्रतीचा समास स्कॅन करताना कापला गेला होता. हिजरी वर्ष चांद्र, आपल्यापेक्षा दरसाल अकराएक दिवसांनी आखूड, हे मला शाळेत असल्यापासून ठाऊक आहे. मोहरम फिरत येतो तो उगाच का? ८५७ला ०.९७ नं गुणायचं आणि मग ६२२ मिळवायचे. पस्तीस वर्षं आकडेमोड करणाऱ्या माणसाची ही गत. (पुढच्या काही अभ्यासकांनी ही मोहीम आणखी पाच-सहा वर्षं मागं नेली आहे. ते भांडण मी त्यांच्यावर सोडलं.)

आता ज्याच्यासाठी हे पत्र एवढं लांबलं ते. गवान हा तिसऱ्या मुहम्मदशहाचा वजीर. केहलन्याचा राय समुद्रात व्यापाऱ्यांची आणि हाजींची गलबतं लुटतो, म्हणून तो कोकणावर निघाला. जंगलात घोडदळाचा उपयोग नाही म्हणून ते परत पाठवलं, झाडी तोडत, जाळत वाट केली आणि गडाला पाच महिने वेढा घालून बसला. गड पडेना. तोवर पाऊस आला. मग घाटवाटांवर त्या हवेला सरावलेलं पायदळ ठेवलं आणि स्वतः घाट चढून वर आला. कुठं? कोल्हापूरला! इथं गवती छपरं घालून अख्खा पावसाळा काढला.

मी खुर्चीतून उठलो आणि दारात जाऊन उभा राहिलो. बाहेर आपला नेहमीचा आषाढ लागलेला. राजाराम बंधारा पाण्याखाली, जो तो ‘पंचगंगा किती फुटांवर?’ विचारतोय, गल्लीत चिखल, वाळत घातलेले कपडे चौथ्या दिवशीही ओले. आणि साडेपाचशे वर्षांपूर्वी इराणातल्या गिलानचा एक म्हातारा वजीर, पन्नाशी कधीच उलटलेला, इथंच कुठंतरी गवताच्या खोपीत बसून हाच पाऊस बघतोय, पाऊस थांबायची वाट बघतोय. त्याची पत्रं आहेत, रियाझ-उल-इन्शा नावाच्या संग्रहात. त्यातली काही या मोहिमेवरची. फारसी माझ्या बापजन्मात आलं नाही, त्यामुळं हारून खान शेरवानींनी गवानाच्या इंग्रजी चरित्रात त्यातलं जेवढं दिलंय तेवढ्यावर भागवतोय. पाऊस उघडल्यावर तो परत खाली उतरला, रांगणा घेतला, मग खेळणाही घेतला, फौजेपेक्षा पैशानं आणि वाटाघाटीनं, आणि १४७२ साली गोवा.

छावणी हा शब्द आपण आता जनावरांच्या नाहीतर लष्कराच्या संदर्भात वापरतो. मूळ छावणी म्हणजे हीच: पावसाळ्यात छपरं छावून राहणं. हे मला इतक्या वर्षांत कधी सुचलं नव्हतं.

आता मोह बघ. आपल्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षितांनी उत्खनन केलं. सातवाहन काळातली वस्ती निघाली, रोमन बनावटीचे कांस्याचे जिन्नस तर त्याआधीच सापडले होते. आणि वरच्या थरात बहमनी काळातली वस्ती. भाच्याला हे बोललो मात्र, तर पोरानं तिथंच मोबाइल काढला: ‘मामा, गवानची छावणी ब्रह्मपुरीवर, टाकू का?’ मी म्हटलं, टाक, आणि खाली माझं नाव घालू नको. फरिश्ता कोल्हापूर म्हणतो. टेकडी म्हणत नाही, नदी म्हणत नाही, देवीच्या देवळाचंही नाव घेत नाही. बहमनी काळाचा थर म्हणजे गवानाची खोप नव्हे. भाचा नाराज झाला. खरं सांगू? मीही झालो. संध्याकाळी छत्री घेऊन ब्रह्मपुरीपर्यंत जाऊन आलोच की.

तुझ्या प्रश्नाचंही तसंच आहे, लेका. फरिश्त्याला ‘सिरका’ हे त्या माणसाचं नाव आहे की घराण्याचं, याचंसुद्धा पडलेलं नाही. बापाचं नाव नाही, मुलाचं नाही. खेळण्याच्या शंकर रायाला आपल्याकडं सर्रास ‘मोरे’ लावतात. मी वाचलेल्या पानांवर तो नुसता राय आहे, मोरे नाही. या मोहिमेचं मराठी तोंडून काही आलेलं नाही. सभासदानं बखर लिहिली १६९७ साली जिंजीत, ती शिवाजी महाराजांची. तुझी गोष्ट तिच्या जवळजवळ अडीचशे वर्षं आधीची. तेव्हा तो शिर्के कुळातला होता असं मानायला माझी हरकत नाही, पण तुझ्या आजोबांपासून त्याच्यापर्यंत जी शिडी मेसेजवाल्यानं लावलीय, तिला मधल्या पायऱ्याच नाहीत. तुझ्या धाकट्या काकांना हे सांगशील तेव्हा मी गावात नाही असं सांग.

पण तुमच्याकडं पायऱ्या असतील. तुझ्या आजीच्या खणाच्या पेटीत तळाला लाल फडक्यात एक मोडीची गुंडाळी होती. आपण नववीत असताना ती उघडून बसलो होतो आणि आजीनं दोघांनाही उलथन्यानं हाणलं होतं. ती अजून आहे का बघ. असली तर ओढून सरळ करू नको, लॅमिनेशन तर मुळीच करू नको, सेलोटेपही नको. खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न मारता, वरपासून खालपर्यंत फोटो काढ, एकाचा शेवट दुसऱ्यात येईल असे, आणि शेजारी पट्टी ठेव. समास कापू नको! वरच्या भागात बहुतेक ‘सन सबा सबैन मया व अलफ’ असल्या धर्तीचं काहीतरी असेल. ते घाबरायचं काम नाही, अरबी आकडे आहेत: सात, सत्तर, शंभर, हजार, म्हणजे ११७७. हा शुहूर सन, सौर आहे, मृगाला पालटतो. त्यात ५९९ मिळव, आणि पुढच्या जानेवारीपासून ६००. इथं ०.९७ नं गुणू नको.

मी आता मोडीच्या वर्गाला जातोय, शनिवारी संध्याकाळी. वर्गात सगळ्यात म्हातारा मी. ‘क’ आणि ‘फ’मध्ये अजून गोंधळ होतो.

दिवाळीला येशील तेव्हा पेटी घेऊनच ये. वहिनींना नमस्कार, नातवाला पापा.

तुझा,
बाळू

ता.क. गुंडाळीला कसर लागली असेल तर ऊन दाखवायला गच्चीवर टाकू नकोस, आधी मला फोन कर.