सोन्या, तू टिक केलेल्या त्या चौकोनाबद्दल

सोन्या,

फोनवर या विषयावर बोलायला लागलो की माझा आवाज चढतो आणि मम्मी मागून हातवारे करते, म्हणून टाइप करतोय. लांबलं तर चहा घेऊन वाच.

परवा तू बोलता बोलता सांगून गेलास की 2021 ला तिकडं जनगणना झाली तेव्हा धर्माच्या प्रश्नापुढं तू 'कुठलाच नाही' वर टिक केलंस, मी "बरं" म्हणालो आणि फोन मम्मीकडे दिला. ते बरं काही बरं नव्हतं. रात्री दोनपर्यंत जागा होतो, शेवटी उठून त्या जनगणनेचे आकडेच काढले, रिटायर्ड मास्तर दुसरं काय करणार. इंग्लंड-वेल्समध्ये 2011 ला 59.3 टक्के लोक स्वतःला ख्रिश्चन म्हणायचे, दहा वर्षांत ते 46.2 वर आले, आणि तुझ्या चौकोनावर टिक करणारे 37.2 टक्के. ज्यांनी आपल्याकडे मिशनरी पाठवले त्यांचीच ही गत. तू मँचेस्टरच्या त्या जुन्या चर्चचा फोटो पाठवला होतास ना, जिथं आता पोरं दोर बांधून भिंतीवर चढतात, तो मी मम्मीला दाखवलाच नाही.

पण खरं सांगू का, त्या 37 टक्क्यांचं मला फारसं काही वाटत नाही. त्यातल्या कितीतरी घरांत आजोबांच्या काळापासूनच चर्चला कोणी जात नसेल, सोडायला आधी धरलेलं तरी पाहिजे. तू धरलेलं होतंस. युवक संघात पेटी तू वाजवायचास.

मम्मीनं पाळकसाहेबांना सांगितलं (मी नको म्हणत होतो). ते म्हणाले काळजी करू नका, उधळ्या पुत्रासारखा येईल बघा परत. मला रागच आला. तू काय उधळलंस रे? उलट आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन तुझ्या पैशातून झालं. पण लोकांची कारणं ठरलेली, परदेश, मोबाइल, संगत. तरुण पोरं का येत नाहीत यावर आपल्याकडे वरचेवर मीटिंग होते आणि उपाय काय निघतो तर गिटार आणा, प्रोजेक्टर लावा, ट्रिप काढा. मागच्या मीटिंगला पंचावन्नच्या खालचा एक माणूस नव्हता, पोरांना विचारायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही, माझ्यापण नाही.

तुझ्या बाबतीत मला दिवससुद्धा माहितीये. अकरावीत होतास, तुझा तो शेजारचा दोस्त मनमाड रोडला गाडीच्या अपघातात गेला. बॅट तुझी, बॉल त्याचा, असं ते होतं तुमचं. पुढच्या रविवारी तू शब्बाथशाळेत विचारलंस की तो आता कुठंय. उत्तर मिळालं, त्यानं प्रभूला स्वीकारलं नव्हतं ना बाळा, आणि पुढचं वाक्य कोणी पुरं केलं नाही. घरी येऊन तू मला तेच विचारलंस, मी आरशासमोर टाय सोडत होतो, आरशातूनच म्हणालो, असले प्रश्न विचारू नयेत, प्रार्थना कर. तू "बरं" म्हणालास.

त्यानंतरही दोन वर्षं पेटी वाजवत होतास, म्हणून आम्ही निवांत.

बाकीचं नंतर साचत गेलं असणार. चर्चच्या जागेवरून आपलीच माणसं कोर्टात गेली आणि नाताळच्या रात्री दोन पार्ट्यांच्या दोन वेगवेगळ्या उपासना झाल्या, ते तू पाहिलंस. ख्रिस्तात जात नाही म्हणायचं आणि ताईच्या स्थळाच्या वेळी पाव्हण्यांनी हळूच "मूळचे कोण?" विचारायचं, आणि मी उत्तर द्यायचं, तेही तू पाहिलंस. एकदा जेवताना म्हणाला होतास, आपले पणजोबा भाकरीसाठीच ख्रिश्चन झाले ना? मी ताटावरून उठलो होतो. अरे झालेच असतील. 1900 च्या दुष्काळात पाच वर्षांचं पोर मिशनच्या बोर्डिंगात आलं, ते काय बायबल तपासून आलं? पण ज्या गावात पाणवठ्याला हात लावू देत नव्हते तिथून येऊन तो माणूस मास्तर झाला आणि मरेपर्यंत रोज पहाटे कंदील लावून शुभवर्तमान वाचायचा, भाकरी तर त्याला केव्हाच मिळाली होती. एवढं साधं उत्तर तेव्हा द्यायला काय झालं होतं मला? भीती वाटली, दुसरं काही नाही. पोराचा एक धागा निसटला की सगळंच उसवेल असं वाटतं बापाला.

रेव्हरंड ना. वा. टिळकांची गाणी आपण चर्चमध्ये डोळे मिटून गातो. त्यांनी 1895 ला बाप्तिस्मा घेतला, आपल्या नगरातच मिशनचं काम केलं, आणि सांगायचे की मी तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. शेवटी 1917 ला त्यांनीच मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले, दोघांनाही जागा होती. तुझ्या दोस्ताचे वडील माळकरी. त्या दिवशी टाय बाजूला ठेवून तुला निदान टिळकांबद्दल सांगितलं असतं तर. मला शिकवायला यायचं रे हे, वर्गात शिकवलंय.

आणि येशूचा तो शिष्य थोमा. मेलेला येशू परत उठला यावर त्याच्या जखमांत हात घालून बघितल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणाला, तेवढंच आपण सांगतो. आठ दिवसांनी तो त्याच खोलीत बाकीच्यांबरोबर होता, हे वाक्य मी किती वेळा वाचलं असेल पण या महिन्यात पहिल्यांदा दिसलं. आठ दिवस हा माणूस मानत नव्हता आणि तरी कोणी त्याला बाहेर काढलं नव्हतं, तोही गेला नव्हता. काय बोलत असतील ते आठ दिवस? जेवत असतील एकत्र, दुसरं काय.

सकाळची वचनं पाठवणं बंद केलंय, तुझ्या लक्षात आलं असेल. जूनमध्ये आम्ही येतोय तेव्हा रविवारी मम्मी आणि मी जवळचं चर्च शोधून जाऊ, तू झोप. माझा विश्वास आहे तिथंच आहे, तुला खूश करायला तो लपवणार नाही, जेवणाआधी प्रार्थना करीन. पण तो प्रश्न मला परत विचार. उत्तर माझ्याकडे नाहीये हे आत्ताच सांगून ठेवतो. तुझ्या दोस्तासाठी मी इतकी वर्षं प्रार्थना करतोय, आमच्या शिकवणीत ते बसत नाही, म्हणून कुणाला बोललो नव्हतो, मम्मीलाही.

परवा त्यांच्या घरी जाऊन आलो, बऱ्याच वर्षांनी. काकूंनी बळंच जेवायला बसवलं. मग म्हणाल्या, तुमचा पोरगा दर वर्षी त्या तारखेला न चुकता फोन करतो, तुम्हाला माहिती असेलच.

मी हो म्हणालो.

मम्मी विचारतेय लसणाची चटणी किती आणू, बॅगेत वास लागतो म्हणून मी नको म्हणतोय पण ती ऐकत नाहीये. तूच सांग तिला.

पप्पा