ती एक ओळ

पुणे, रविवार रात्र

प्रिय आई-बाबा,

सप्रेम सलाम.

रोज फोन होतो, पण हे फोनवर बोलवत नाही. आई, तुझा आवाज ऐकला की माझा घसा दाटतो, आणि बाबा मधेच "जेवलीस का?" विचारतात. म्हणून पत्र.

बाळू गेला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तापाची सहावी रात्र होती. बाबा, तुम्ही त्याच्या उशाशी गुडघे टेकून प्रभूची प्रार्थना म्हणत होतात आणि "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" म्हणताना तुमचा आवाज फुटला. पहाटे बाळू गेला. मातीला पाळकांनी ईयोबाचं वचन वाचलं, "परमेश्वराने दिले आणि परमेश्वराने नेले." घरी येणारी प्रत्येक बाई तुला जवळ घेऊन म्हणत होती, देवाची इच्छा. दाराआड उभं राहून मी ठरवून टाकलं, की बाबांनी हो म्हटलं म्हणून देव त्याला घेऊन गेला.

त्यानंतर ती ओळ मी कधी म्हटली नाही. दृढीकरणाच्या दिवशी, चर्चची पूर्ण सभासद झाले तेव्हाही नाही. सगळे ती म्हणायचे तेव्हा मी ओठ मिटून घ्यायचे, आणि "आमची रोजची भाकर आज आम्हास दे" आलं की पुन्हा सुरू करायचे. नोकरी, लग्न, मुलांची आजारपणं, सगळ्यासाठी मी देवाजवळ मागत राहिले. पण "तुला वाटेल तसं कर" म्हणायची माझी छाती झाली नाही. मला वाटायचं, तो त्या शब्दाचीच वाट बघत बसलाय.

बाबांच्या बायपासच्या रात्री, आई, तू आणि मी बाकावर बसलो होतो. तू हळू आवाजात प्रार्थना सुरू केलीस आणि त्या ओळीशी मी तुझा हात दाबून म्हणाले, "ते नको म्हणूस." तू चटकन समजलीस. इतक्या वर्षांत मी एका शब्दाने बोलले नव्हते, तरी समजलीस. म्हणालीस, "अगं, आम्ही ते म्हटलं म्हणून बाळू गेला नाही. तो चालला होता, आम्हाला धरायला काहीतरी हवं होतं, म्हणून ते म्हटलं."

तुझं ते वाक्य मी वर्षभर मनात घोळवते आहे.

मग ती प्रार्थना मी पुन्हा नीट वाचली. "जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही." स्वर्गात लहान मुलं तापाने फणफणत नाहीत. बायबलच्या शेवटी, प्रकटीकरणात लिहिलंय, तिथे मरण नाही, शोक नाही, रडणं नाही. म्हणजे बाबा, त्या रात्री तुम्ही बाळूला नेण्याची परवानगी देत नव्हता. जिथे असं काही होत नाही ते राज्य इथे यावं, असं तुम्ही मागत होता. तो का गेला याचं उत्तर मला आजही मिळालेलं नाही, आणि "देवाची इच्छा" असं कुणाच्या मातीला मी म्हणणार नाही.

आणि गेथशेमाने बाग, वधस्तंभाच्या आदल्या रात्रीची. "हा प्याला माझ्यापासून दूर कर" हे प्रभूने आधी म्हटलं, मग "माझ्या इच्छेप्रमाणे नको." तीनदा उठून तीच प्रार्थना केली त्याने. मला वाटायचं, भीती पूर्ण गेली की मगच माणूस स्वतःला देवाच्या हाती देतो. त्याची कुठे गेली होती?

बाबा, नगरला येताना गाडी केडगाव ओलांडायची तेव्हा तुम्ही खिडकीतून हात करायचात, "हे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन." त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 मध्ये गेली, आणि 5 एप्रिल 1922 ला त्या स्वतः. मधल्या महिन्यांत त्या बायबलच्या मराठी भाषांतराचं काम करत होत्या. लहानपणी मला ते निष्ठुर वाटायचं. आता वाटतं, त्यांनाही धरायला काहीतरी हवं असेल.

आता खरं सांगते. देवाच्या हाती द्यायला मला सगळ्यात जड गेलं ते तुम्हा दोघांना. घर बंद करून पुण्याला या म्हणून मी वर्षभर तुमच्यामागे लागले, दिवसातून चारदा फोन करून गोळ्या विचारल्या, बाबांचं खेड्यावरच्या उपासनांना जाणं बंद केलं. त्याला मी काळजी म्हणत होते. आई, संडे स्कूलमध्ये तू मोशेच्या आईची गोष्ट सांगायचीस. तिने लव्हाळ्याच्या पेटीला डांबर आणि राळ नीट लावली, आणि मग तान्ह्या मोशेसकट पेटी नदीकाठी ठेवून हात काढून घेतला. मी नुसती डांबरच लावत बसले होते.

तेव्हा तुम्ही नगरलाच राहा. तिथे तुमची मंडळी आहे, आईचं भगिनी मंडळ आहे, बाळूची कबर आहे. मी पुन्हा विषय काढणार नाही. काढलाच तर हे पत्र दाखवा.

बाबा, पुढच्या रविवारपासून उपदेशाला जा. फक्त एसटीत उभं राहून नको, गाडीवाल्याशी मी बोलले आहे. गोळ्यांचा डबा आईने भरायचा, मी विचारणार नाही.

आज सकाळी चर्चमध्ये मी ती ओळ म्हटली. आवाज फार निघाला नाही. शेजारी धाकटी उभी होती, तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, कारण तिने ती माझ्या तोंडून कधी ऐकलीच नव्हती.

तुमचीच,
ताई